डावं पुढचं चाक

चारही नट निघाले, पण चाक निघालं नाही. विनेशने टायर दोन्ही हातांनी धरून ओढला, एकदा डावीकडे हिसका दिला, एकदा उजवीकडे, मग उठून बुटाच्या टाचेने दोन लाथा घातल्या. जॅकवर उचललेली गाडी नुसती डुलली. सगळे पाहुणे गेले तरी एखादा माणूस खुर्ची सोडत नाही, तसं ते चाक आतल्या लोखंडी हबला धरून बसलं होतं. जागृतीला आधी वाटलं, पाचवा नट असेल एखादा, आपल्याला न दिसणारा. ती वाकून बघायला लागली तसा विनेश म्हणाला, "वहिनी, नट सगळे आले. आता जे धरून बसलंय ते मीठ हाय." आणि पान्याने चाकाच्या मधोमध हलकेच ठोकत, सहज विचारल्यासारखं, "गाडी दर्यात घातली व्हती का?"

"नाही," जागृती म्हणाली.

उत्तर खरं होतं. निदान शेवटच्या वर्षापुरतं, तिच्या माहितीप्रमाणे, खरं होतं. सव्वा वर्षापूर्वी हाच प्रश्न तिला जीवनने, तिच्या नवऱ्याने, पलंगावर पडल्या पडल्या विचारला होता, तेव्हा ती 'हो' म्हणाली होती, आणि ते खोटं होतं. त्या खोट्याला तिचा आवाज किती मऊ लागला होता, किती भरवशाचा. आजच्या खऱ्याला मात्र उगाच खरखर आली. विनेशने मान हलवली, पटलं नाही म्हणण्याइतपत, आणि पिशवीतून गंज सोडवायचा फवारा काढला. विनेश जासईकडचा, हायवेवर त्याचं गॅरेज होतं. जीवन ट्रेलर चालवायचा तेव्हापासूनची ओळख. म्हणून तर रविवार असून आला होता.

तिसरा माणूस रघू. माणगावच्या आतल्या एका गावात भात लावणारा, पन्नाशीचा, गोल चेहऱ्याचा. गाडी त्याला द्यायची ठरली होती. सकाळच्या एसटीने तो उरणला आला तो पांढरा सदरा घालून, पिशवीत झेंडूचा हार नि नारळ घेऊन, आणि गेला तासभर ती पिशवी खाली ठेवायला तयार नव्हता. गाडी सुरू झाली, दिवे लागले, हॉर्न वाजला, सगळं त्याच्या मनासारखं झालं. फक्त डाव्या पुढच्या चाकातली हवा गेलेली होती. स्टेपनी लावायची नि निघायचं, दहा मिनिटांचं काम.

"ताई, हार आधी घालू का चाक निघाल्यावर?" त्याने विचारलं.

"नंतर घाला. ठोकाठोकीत पडेल."

"तेच म्हणतो मी."

जागृतीला तो माणूस आवडला होता. आपल्या गाडीला असाच कुणीतरी हवा होता, हार कधी घालायचा हे विचारणारा. गाडी गेली की पार्किंगमधली ही जागा रिकामी होईल, आणि रिकाम्या जागेकडे बघायची माणसाला सवय होते. भरलेल्या जागेची होत नाही. दर रविवारी ती खाली यायची, दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायची, बॅटरी मरू नये म्हणून, आणि तेवढा वेळ काच लावून आत बसायची. कुठेही न जाणाऱ्या गाडीत बसलेली बाई. सोसायटीतले लोक बघायचे, आणि आपण बघितलं नाही असं दाखवत कचऱ्याची बादली घेऊन पुढे जायचे. आत बसून ती दर वेळी एकच गोष्ट स्वतःला सांगायची. जीवन गेला तो समाधानाने गेला. त्याला चारी चाकं पाण्याला लागली असंच वाटत होतं. खोटं असेल, पण त्याच्या कानाला ते खरं लागलं, आणि गेलेल्या माणसाच्या कानात आता कोण जाऊन दुरुस्त करणार. एवढ्या एका गोष्टीवर ती सव्वा वर्ष झोपत आली होती. ती गोष्ट काढून घेतली असती तर तिच्याकडे त्या शेवटच्या दिवसांतलं नुसतं औषधांचं वेळापत्रक उरलं असतं.

चाकं पाण्याला लावायची ही त्या घराची रीत. बाहेर सांगितली तर लोक हसतील अशी. नारळी पौर्णिमेला कोळी दर्याला नारळ देतात ते सगळ्यांना माहीत आहे. पण हे मिठागराचे लोक, ह्यांचा दर्याशी संसार बांधाच्या अलीकडून. जीवनचे वडील चांगदेव पौर्णिमेच्या उधाणाला मिठागराच्या उघाडीची फळी काढायचे, ज्या दारातून खाडीचं पाणी आत घेतात त्या दाराची लाकडी फळी, आणि ती भरतीच्या पाण्यात थोडा वेळ उभी धरायचे. ज्या वस्तूवर घर जेवतं तिला वर्षातून एकदा उधाणाचं पाणी लागायला हवं. मग मिठागर गेलं, तिथे कंटेनरच्या रांगा लागल्या, फळी घरी येऊन माळ्यावर पडली. जीवन ट्रेलर चालवायला लागला. अख्खा ट्रेलर काही किनाऱ्यावर नेता येत नाही, तेव्हा म्हातारा त्याची स्टेपनी लोळवत पाण्यापर्यंत घेऊन जायचा, आणि पोरं मागे हसत जायची. म्हातारा गेल्यावर जीवनने ते ह्या गाडीवर आणलं. पिरवाडीच्या किनाऱ्यावर, पाणी चढत असताना, चारी चाकं भिजतील एवढी गाडी आत घालायची, दोन मिनिटं थांबायचं, मागे घ्यायची. जागृती पनवेलची, बंदरातल्या एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात लोकांच्या मालाचे कागद भरणारी. तिला हे काही केल्या पटलं नाही. "आपण गाडी घेतलीय की होडी?" ती विचारायची. जीवन हसायचा. "तू ये तर एकदा," म्हणायचा. "मला ऑफिस आहे." पौर्णिमा रविवारी आली तरी तिला ऑफिस असायचं. चोवीस वर्षांत ती एकदाही गेली नव्हती.

ठोकळा लावून विनेशने हातोडा मारायला सुरुवात केली. टायरच्या आतल्या बाजूने, एकदा वर, एकदा खाली, थोडं फिरवून पुन्हा. प्रत्येक ठोक्याला पार्किंगच्या छतातून आवाज परत येत होता. जागृतीला तो आवाज दातांत जाणवत होता. असाच आवाज तिने आधीही ऐकला होता, गव्हाण फाट्यावर, रस्त्याच्या कडेला, पाठीमागच्या सीटवर जीवन डोळे मिटून पडलेला असताना.

त्याची मूत्रपिंडं गेली तेव्हा डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, मीठ बंद, पाणी मोजून. मिठागरात जन्मलेल्या माणसाला सांगितलं. जीवन दवाखान्यातून घरी आला नि आईला म्हणाला, "आय, जलमभर डोक्यावरून वाहिलंस ते वीषच व्हतं म्हन." आई म्हणाली, "त्या डाक्तरला इकडं आन." मग आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस. ट्रेलर सुटला. गाडी जागृती चालवायला लागली, पहाटे साडेपाचला घरातून निघून, त्याला मशीनवर सोडून, तिथेच मोबाईलवर ऑफिसचं काम करत. एका सोमवारी गव्हाण फाट्यावर टायर पंक्चर झाला आणि चाक निघेना. असंच. नट निघाले, चाक नाही. अडीच तास गेले, मशीनवरची त्याची वेळ दुसऱ्या कुणाला गेली, आणि मंगळवारी सकाळी जागा मिळेपर्यंत जीवनचा चेहरा असा सुजला की त्याच्याच डोळ्यांना वाट सापडेना. तेव्हाचा मेकॅनिकही हेच म्हणाला होता. मीठ. त्या दिवसापासून जागृतीने मिठाशी उघड वैर धरलं. भाजीतलं काढलं, भाकरीतलं काढलं, लोणच्याची बरणी शेजारी देऊन टाकली, दर आठवड्याला गाडी खालून गोड्या पाण्याने धुवायला लागली. तिला वाटायचं, आपण एका बाजूने मीठ उपसतोय आणि दुसऱ्या बाजूने हा माणूस वर्षातून एकदा सगळं पुन्हा आत घ्यायला बसलाय.

आणि तरी पौर्णिमा आली तेव्हा तो म्हणाला, "आता माजं पोट हिच्यावरच. मला मशीनवर नेते ती हीच. हिला पानी लागायला पायजे." त्याच्या पायांत उभं राहायचं बळ नव्हतं. म्हणाला, "तू ने." तिच्याकडे त्याने चोवीस वर्षांत एवढं सरळ काही मागितलं नव्हतं. ती "नेते" म्हणाली, चावी घेतली, खाली आली, आणि चौकात गाडी समुद्राकडे वळवायच्या ऐवजी पनवेलकडे वळवली. गॅरेजमध्ये प्लास्टिकच्या स्टुलावर बसून तिने चारी चाकं काढून घेतली. चारी हब तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासून घेतले, वर तांब्याच्या रंगाचं ग्रीस लावून घेतलं. "आता दोन वर्षं हात लावायला नको," तिथला माणूस म्हणाला. त्या स्टुलावर बसून तिला बरं वाटलं होतं, आणि ह्या बरं वाटण्याची लाज तिला अजून वाटते. घरी आली. "झालं?" त्याने विचारलं. "झालं." "चारी?" "चारी." "पानी कसं व्हतं?" ह्याची तिने तयारी केली नव्हती. "पाण्यासारखं," ती म्हणाली. तो हसला, तिचा हात थोपटला, म्हणाला, "बरं केलंस." सतराव्या दिवशी, मंगळवारी सकाळी, चहाचा अर्धा कप हातात असताना तो गेला.

"कुनाला मारताय रं?"

लिफ्टच्या दारात जीवनची आई उभी होती. येसूबाई. ऐंशीच्या पुढची, काठी टेकत, काष्ट्याचं हिरवं लुगडं, पाय मिठाने फाटून फाटून शेवटी शिवण घातल्यासारखे झालेले. जीवन गेल्यापासून त्या तीन खोल्यांत ह्या दोघीच. मुलगी अमिषा पुण्याला नोकरीला, फोनवर. सासू-सुनेत भांडण नव्हतं आणि फार बोलणंही नव्हतं. दोघी टीव्ही बघायच्या आणि टीव्हीवरच्या बायकांना नावं ठेवायच्या.

"आजी, चाकाला मारतोय," विनेश म्हणाला. "ऐकत न्हाय."

"त्याच्या बापाचं ऐकलं न्हाय, तुजं कशाला ऐकंल." ती वॉचमनच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसली. रघूने वाकून नमस्कार केला. तिने त्याला खालून वर बघितलं, पिशवीपाशी थांबली. "नारल हाय?"

"हाय ना, आजी."

"पानी हाय का बगितलास हलवून?"

रघूने नारळ बाहेर काढून कानाशी हलवला आणि हसला. मग त्याच्या मनात मघापासून घोळत होतं ते त्याने विचारलं. "आजी, ह्यो दादा म्हणतो चाकात मीठ हाय. मीठ कसं जाईल चाकात?"

"समुद्रात घालतात न् गाड्या," विनेश घाम पुसत म्हणाला. "टुरिस्ट लोक. रील काढायला."

"टुरिस्ट न्हाय," येसूबाई म्हणाली. "आमी घालतो."

आणि ती सांगायला लागली. फळी, उधाण, स्टेपनी लोळवत नेणारा म्हातारा, मागून हसणारी पोरं. रघू आधी गाडीकडे आणि मग जागृतीकडे बघायला लागला. जागृती जमिनीवरच्या चार नटांकडे बघत होती. मघाशी तिने 'नाही' म्हटलं होतं आणि आता म्हातारी 'दरवर्षी' म्हणत होती. विकणाऱ्या बाईचं तोंड उतरायला एवढं पुरे होतं. पण तिला त्याचं काही वाटत नव्हतं. तिला भीती होती ती पुढच्या वाक्याची. ते वाक्य येणार हे तिला दिसत होतं, वळणावरून एसटी येताना दिसते तसं. म्हातारी आता शेवटच्या वर्षाचं सांगणार, माझ्या लेकाला चालवत नव्हतं तवा माझ्या सुनेने नेली, असं सांगणार, आणि आपलं खोटं आपल्याला दुसऱ्याच्या तोंडून, ते खरं मानणाऱ्या माणसाच्या तोंडून ऐकावं लागणार.

"जायच्या तीन दिस आदी बी घातली त्याने," येसूबाई म्हणाली. "मी व्हती ना गाडीन."

हातोडा थांबला नव्हता. जागृतीला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. तिने विचारलं, "पौर्णिमेला?"

"न्हाय गो. पुनवेला तर तू गेलतीस." म्हातारीने तिच्याकडे बघितलं नाही, रघूकडेच बघत होती, गोष्ट त्याची होती. "आवसंला. आवसंचं उधान बी तेवडाच. शनवार व्हता, ही हापिसला. तो बोल्ला, आय, चल येतेस का. मी बोल्ली, तुला उभं ऱ्हावत न्हाय, गाडी कशी चालवशील. तो बोल्ला, गाडी बसून चालवतात."

रघू हसला. विनेशही हसला. जागृतीच्या डोळ्यांसमोर दोरीवर वाळत घातलेलं एक लुगडं आलं. तो शनिवार. ती तीन वाजता ऑफिसातून आली तेव्हा गॅलरीत म्हातारीचं लुगडं वाळत होतं, गुडघ्यापासून खालचा भाग ओला, आणि जीवन आंघोळ करून पडलेला, केस भिजलेले, गाल जरा लाल. दुपारची आंघोळ. तिला वाटलं होतं, आईंचं वय झालं, कपड्यात झालं असेल, त्याने धुतलं असेल, बोलायला नको. ती त्या लुगड्याबद्दल एक अक्षर बोलली नव्हती, आणि आपण किती समजूतदार आहोत असं तिला वाटलं होतं. सोमवारी डायलिसिसला निघताना ड्रायव्हरची सीट मागे सरकलेली होती. तिने ती पुढे घेतली आणि निघाली. माणसाला सगळं दिसत असतं. दिसलेल्याचं काय करायचं हे आधीच ठरलेलं असतं, एवढंच.

"पानी दारापावत आलं," म्हातारी सांगत होती. "माज्या पायान पानी. मी बोल्ली, बाला, घे आता मागं. तो बोल्ला, थांब आय जरा. मी थांबली. लाटा चढत व्हत्या. मंग मी बोल्ली, मना भूक लागली. तवा घेतली."

"मग?" रघूने विचारलं.

"मंग काय. घरी येवन जेवलो."

विनेश उठला. हातोड्याने हे होणार नाही म्हणाला, ठोकून ठोकून बेअरिंग जाईल. त्याने स्टेपनीतली हवा तपासून बसलेल्या टायरात थोडी हवा भरली, चारही नट पुन्हा बसवले, पण ढिले, दोन-दोन आटे. गाडी जॅकवरून खाली घेतली. "आता गाडीच्या वजनानेच सुटंल. कुनीतरी आत बसा. चार फूट पुडं, चार फूट मागं, आनि दर टायमाला ब्रेक जोरात. भाऊ, बसता?"

रघूने हात मागे घेतला. "अजून माझी झाली नाही गाडी. मोडली बिडली तर?"

"वहिनी, तुमीच बसा. तुमच्या पायाची सवय हाय तिला."

जागृती बसली. रविवारी बसायची तशीच, काच लावून, पण आज क्लच दाबला, गिअर टाकला, आणि सव्वा वर्षांनी गाडी हलली. चार फूट. ब्रेक. मागे चार फूट. ब्रेक. काही नाही. समोर भिंत, आरशात खुर्चीत बसलेली म्हातारी. पौर्णिमेला पाणी लागलं असं मानलं असतं, तर अमावास्येला गाडी पुन्हा न्यायचं कारण नव्हतं. हिला माहीत होतं. सव्वा वर्ष समोर बसून जेवली, डोक्याला तेल लावून घेतलं, पायांना मलम लावून घेतलं, आणि हिला माहीत होतं. त्याला तर कधीपासून माहीत असणार. कदाचित ती दारातून आत आली तेव्हाच. पायांना वाळू नाही, पायपुसणं कोरडं, अंगाला ग्रीसचा वास. किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला 'पाण्यासारखं' ह्या उत्तरातून आणखी काय कळायचं राहतं. आणि तरी 'बरं केलंस' म्हणाला, हात थोपटला. मग चौदा दिवस उधाणाची वाट बघत पडून राहिला. त्या चौदा दिवसांत तिने त्याला अळणी भाजी वाढली आणि त्याने ती खाल्ली. तिला वाटत होतं आपण त्याला सांभाळतोय, गोष्ट सांगून निजवलेल्या मुलासारखं, आणि तो जागा होता. चार फूट पुढे. ब्रेक. दारापर्यंत पाणी. थांब आय जरा. तो कशासाठी थांबला होता, ह्या विचाराच्या दारापर्यंत ती गेली आणि परत आली. मागे चार फूट. ब्रेक. तिला राग यायला हवा होता, निदान रडू. आलं ते वेगळंच, लहान मुलीसारखं: मला का नाही नेलं. आणि लगेच त्याच्यामागून, तिच्याच आवाजात, ऑफिसातल्या आवाजात, उत्तर: विचारलं असतं तर तू गेली असतीस? तिने ब्रेकवर पाय एवढा जोरात मारला की कपाळ स्टिअरिंगपर्यंत गेलं, आणि तेवढ्यात डावीकडून, पायाखालून, हाड मोडावं तसा एक आवाज आला.

"सुटलं," बाहेरून विनेश ओरडला. "बस, वहिनी, बस."

तिने गाडी बंद केली. ब्रेकवरचा पाय तिला काही वेळ उचलता आला नाही.

ती उतरली तेव्हा विनेशने गाडी पुन्हा उचलली होती, नट काढले होते आणि चाक दोन्ही हातांनी सहज, ताटावरचं झाकण काढावं तसं, बाजूला केलं होतं. आतून वाळू सांडली. दोन मुठी असेल, ओली वाटावी अशी काळसर, आणि तिच्यात पांढरे कण. हब लाल-तपकिरी, पापुद्रे सुटलेला. विनेशने बोटाने एक ठिकाणी खरवडलं. नखाएवढ्या जागेत तांब्याचा रंग होता. "ग्रीस लावलेलं व्हतं कुनीतरी," तो म्हणाला. "चांगलं लावलेलं. धुवून गेलं. नुसती चाकं भिजवून असं नाय होत, बराच वेळ उभी असनार पान्यात."

"रघूभाऊ," जागृती म्हणाली, "गाडी समुद्रात गेलेली आहे. दरवर्षी. मी मघाशी नाही म्हटलं ते चुकीचं होतं. तुम्हाला नको असेल तर राहू द्या, मी तुम्हाला काही बोलणार नाही."

रघूने पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली. हबकडे बघितलं, वाळूकडे बघितलं, मग विनेशकडे. "चालंल का?"

"चालंल. बाकीची तीन बी काढून घासून देतो. ब्रेक बगतो. पन वर्षाला एकदा काढत जा चाकं, विसरू नका."

रघूने थोडा विचार केला. "आमच्याकडं चार महिने चिखलात असते गाडी," तो म्हणाला. "कशात तरी जायचीच ती. नुसती उभी ऱ्हायला थोडीच घेतो माणूस." आणि हा विचार आपल्यालाच पटल्यासारखा, त्याने हार काढला.

बाकीची तीन चाकंही भांडलीच, पण पद्धत कळली होती. दीड तास लागला. विनेश वाळू झाडून ब्रशने घासत राहिला, ग्रीस लावत राहिला. जागृतीने वरून चहा आणला, सगळ्यांनी घेतला. रघूने बॉनेटला हार बांधला, नारळ फोडला, पाणी चारी चाकांवर थोडं थोडं शिंपडलं, आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा येसूबाईला दिला. तिला दात नव्हते. तिने तो हातात धरून ठेवला. मग तो गाडीत बसला, सीट पुढेमागे करत बसला, आरसा हलवला, उजवीकडे वळायचं होतं आणि डावीकडचा दिवा लावून गेटबाहेर पडला. विनेश त्याला चौकापर्यंत वाट दाखवायला पुढे मोटारसायकलवर गेला.

पार्किंगमध्ये दोघीच राहिल्या. जमिनीवर चार ठिकाणी वाळूचे लहान ढीग होते, मध्ये तेलाचा जुना डाग. म्हातारी खुर्चीत, जागृती खांबाला टेकून.

"आई, तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"तू बी न्हाय सांगितलंस," येसूबाई म्हणाली. आवाजात काही नव्हतं, ना टोमणा ना माया. खालून भाजीवाला ओरडतो तेव्हा 'मेथी हाय वाटतं' म्हणायची त्या आवाजात म्हणाली.

जागृतीने जवळचा वाळूचा ढीग पायाने सारखा केला. विचारावं की नाही हे तिला ठरवता येत नव्हतं, कारण दोन उत्तरांची तिने तयारी करून ठेवली होती आणि दोन्ही तिला सोसणार होती. तो चिडला असेल. म्हणाला असेल, हिने मला फसवलं. ते सोसता आलं असतं, निदान भांडता आलं असतं, आता एकटीने का होईना. किंवा म्हणाला असेल, जाऊ दे, ती दमते, तिला काही बोलू नको. ते जास्त जड गेलं असतं, पण तेही तिने उचललं असतं.

"त्या दिवशी पाण्यात," तिने विचारलं, "माझ्याबद्दल काय बोलला?"

येसूबाईने आठवायला वेळ घेतला. खोटं सांगायचं असतं तर एवढा वेळ लागला नसता. डोळे बारीक करून, तळव्यावरचा खोबऱ्याचा तुकडा उलटा-सुलटा करत, तिने तो सगळा दिवस पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा चालून बघितला असावा.

"न्हाय गो," ती म्हणाली. "तुजं नाव न्हाय निगालं."

"काहीच नाही?"

"पानी बगत व्हता."

गेटबाहेरून एक कंटेनर गेला, त्याच्या साखळ्यांचा आवाज लांबपर्यंत येत राहिला. तो थांबल्यावर म्हातारीने हात वर केला. जागृतीने तो धरला, दुसरा हात तिच्या काखेत घातला आणि तिला उठवलं. गुडघे वाजले. काठी घ्यायची राहिली, पण दोघींपैकी कुणीही वाकायच्या स्थितीत नव्हतं. लिफ्टचं बटण दाबलं तर वर कुणीतरी दार उघडं ठेवलं होतं. नुसता लाल दिवा लागून राहिला. त्या तशाच उभ्या राहिल्या, म्हातारीचं सगळं वजन जागृतीच्या अंगावर, आणि लिफ्ट काही येईना.